‘धूम्रपान मना आहे’ – पण कोणाला?

काल ३१ मे झाला. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ साली याच तारखेस आपल्या जिल्ह्यातील चौंडी या गावी झाला. जगभर हाच दिवस तंबाखूविरोधी दिन म्हणून पाळण्यात येतो. आणि आज १ जून. १९४८ साली याच दिवशी नगर-पुणे मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. लागोपाठच्या दोन दिवसांत हे तीन प्रसंग यावेत, हा निव्वळ दिनदर्शिकेचा योगायोग होय. तथापि या निमित्ताने सार्वजनिक वाहनांतील एका जुन्या पाटीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. ती पाटी म्हणजे ‘धूम्रपान मना आहे’. पाटी सर्वांनी पाहिलेली आहे. तिचा अर्थ न कळणारा मनुष्य शोधूनही सापडणार नाही. असे असूनही ती नेमकी कोणाला उद्देशून लिहिली आहे, असा प्रश्न पडावा, अशी आजची स्थिती आहे.

प्रथम जे सुधारले आहे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. एके काळी एसटीच्या गाडीत मागील बाकावरून विडीचा धूर पुढे येत असे आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नसे. ते दृश्य आता पुष्कळच विरळ झाले आहे. वाहकांची दक्षता, कायद्याचा धाक आणि लोकांत आलेली जाणीव या तिन्ही गोष्टींना त्याचे श्रेय आहे. आगगाडीची कथा मात्र निराळी आहे. दौंड-मनमाड मार्गावरून रात्री जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत डब्याच्या टोकाशी जरा उभे राहून पाहावे. हात धुण्याच्या जागेपाशी, दोन डब्यांच्या जोडावर आणि संडासाच्या बंद दाराआड नियम निमूटपणे मोडला जात असतो. मोडणारा चोरटेपणाने मोडतो, पाहणारा भिडेने गप्प बसतो आणि अधिकारी समोरून निघून जातो. अशा रीतीने तिघांच्या मूक संमतीने एक कायदा रोज रात्री रद्द होतो.

कायद्याची उणीव आहे, असे म्हणावे तर तसेही नाही. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या १६७व्या कलमाने या अपराधासाठी शंभर रुपयांपर्यंत दंड ठरविला. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश देऊन सार्वजनिक वाहनांसह अनेक सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. २००३ साली संसदेने तंबाखूविषयी स्वतंत्र कायदा केला, सार्वजनिक जागेच्या व्याख्येत वाहनांचा स्पष्ट उल्लेख केला आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. २ ऑक्टोबर २००८ रोजी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, त्याखालील नवे नियम देशभर अंमलात आले. कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे, नियमावली आहे, पाटीही आहे. नाही ती केवळ हा नियम आपल्याला लागू आहे, अशी प्रत्येकाच्या मनातील खात्री.

हे अज्ञानामुळे घडते काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. जो गृहस्थ आगगाडीच्या संडासात सिगारेट पेटवितो, तोच विमानात बसला की दोन-अडीच तास पाकीट खिशात ठेवून शांतपणे बसतो. सुट्टीत कुटुंबासह मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या विलासी पर्यटक जहाजावर गेला, तर तेथील ‘धूम्रपान येथेच करावे’ हा फलकही तो मुकाट्याने मानतो. कारण समुद्रावरील अशा अनेक जहाजांवर खोलीत वा खोलीच्या सज्जात सिगारेट ओढणाऱ्यास शेकडो डॉलरांचा दंड होतो, तो परस्पर त्याच्या हिशेबात मांडला जातो आणि प्रसंगी त्याला पुढील बंदरावर उतरवूनही देतात. माणूस तोच, व्यसन तेच, प्रवासाचे तासही पुष्कळदा तितकेच. फरक एवढाच की, तेथे आपण पकडले जाऊ, हे त्याला ठाऊक असते आणि येथे पकडले जाणार नाही, हेही त्याला तितकेच पक्के ठाऊक असते. म्हणून हा प्रश्न व्यसनाचा कमी आणि आपल्या नागरिकत्वाचा अधिक आहे. खर्चिक तिकिटावर जी शिस्त आपण पाळतो ती स्वस्त तिकिटावर का पाळू नये, याचे उत्तर सुशिक्षित वर्गाने स्वतःशी द्यावयास हवे.

‘माझी छाती, माझा धूर, इतरांना त्याचे काय?’ असा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर आरोग्याचे. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे स्वतः एकही झुरका न घेता, केवळ दुसऱ्यांच्या धुरामुळे मृत्युमुखी पडतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंद डब्यातील धूर तिकिटावरील आसनक्रमांक पाहून पसरत नाही. दुसरे उत्तर आगीचे आहे आणि ते अधिक भीषण आहे.

लंडनच्या भुयारी रेल्वेने फेब्रुवारी १९८५ पासून आपल्या भूमिगत स्थानकांवर धूम्रपानास बंदी केली होती. तरीही बाहेर पडताना, सरकत्या जिन्यावरच, सिगारेट पेटविण्याची उतारूंची खोड सुटली नाही. १८ नोव्हेंबर १९८७च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस स्थानकात अशीच एक जळती काडी लाकडी जिन्याच्या फटीतून खाली पडली, तेथील वंगण आणि कचरा पेटला आणि एकतीस माणसे प्राणास मुकली. चौकशीअंती हेच कारण पुढे आले. बंदी होती, परंतु ती मोडणे सर्वांनी स्वाभाविक मानले होते. १९७३ साली ब्राझीलचे एक प्रवासी विमान पॅरिसजवळ कोसळले आणि एकशे तेवीस माणसे दगावली. शौचकूपातील कागदाच्या टोपलीत पडलेल्या सिगारेटवर तेथे संशय होता. तेव्हापासून धूम्रपान संपूर्ण बंद असलेल्या विमानांतही शौचकूपाच्या दाराशी रक्षापात्र ठेवले जाते. नियम मोडणारा कोणीतरी निघणारच, निदान त्याने थोटूक कागदांत तरी टाकू नये, एवढाच त्यातील हेतू! मनुष्यस्वभावाविषयी याहून खिन्न करणारी कबुली क्वचितच कोणी दिली असेल.

जहाजांचीही हीच कहाणी. २३ मार्च २००६ रोजी कॅरिबियन समुद्रात ‘स्टार प्रिन्सेस’ या प्रचंड प्रवासी जहाजाच्या एका सज्जात पहाटे आग लागली. पाहता पाहता ती एका सज्जातून दुसऱ्यात पसरली, शंभराच्या आसपास खोल्या जळाल्या वा निकामी झाल्या आणि धुराने गुदमरून एक प्रवासी दगावला. कोणीतरी फेकलेले सिगारेटचे थोटूक हेच बहुधा कारण असावे, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर सज्जांच्या बांधणीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि जहाज कंपन्यांनी धूम्रपानाच्या जागा मर्यादित केल्या. पाण्याने चोहोकडून वेढलेल्या जहाजावर आगीपासून पळून जावयास जागा नसते, हे उमजावयास एक बळी द्यावा लागला.

धावत्या आगगाडीतही पळून जावयास जागा नसते, हे आपल्याला उमजावयास आणखी किती काळ लागणार? १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टीहून नगरकडे येणाऱ्या गाडीचे पाच डबे नारायणडोहनजीक भरदुपारी आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. सुदैवाने उतारू वेळीच खाली उतरले आणि जीवितहानी टळली. त्या आगीचा संबंध कोणाच्या विडी-सिगारेटशी जोडण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु रेल्वेचा डबा किती झपाट्याने पेटतो, हे या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले आहे. त्याहून दारुण प्रसंग २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात, परधाडे स्थानकानजीक घडला. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, भयभीत उतारूंनी रुळांवर उड्या टाकल्या आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली दहाहून अधिक जीव चिरडले गेले. तेथे आग लागलेलीच नव्हती. नुसत्या शब्दाने हा अनर्थ केला! जी कर्नाटक एक्स्प्रेस आपल्या नगरच्या फलाटावर नित्य थांबते, तीच ही गाडी. खचाखच भरलेल्या डब्यात ‘धूर!’ या एका ओरडण्याचे मोल काय असू शकते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने जाणले. संडासाच्या दाराखालून निघणारी धुराची रेघ ही ओढणाऱ्याच्या लेखी करमणूक असेल. दाराबाहेर मूल कवेत घेऊन बसलेल्या बाईच्या लेखी ती धोक्याची घंटा असते.

या बाईचा विचार कोणी करतो काय? वातानुकूलित डब्यांत आणि नव्या गाड्यांत धूर ओळखणारी यंत्रे बसविली जात आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुपती-सिकंदराबाद वंदे भारत गाडीच्या संडासात एका विनातिकीट उतारूने सिगारेट पेटविली. त्याबरोबर अग्निशामक यंत्र आपोआप सुरू झाले, गाडी थांबली आणि खिडकी फोडून त्याला बाहेर काढावे लागले. फेब्रुवारी २०२३ पासून शिर्डीपर्यंत येणारी वंदे भारत याच जातीची. परंतु बिनआरक्षित डब्यातील प्रवाशाला हे संरक्षण कोठे आहे? जागा न मिळालेली माणसे संडासापाशीच फतकल मारून बसतात आणि धूरही तेथेच कोंडतो. म्हणजे नियमभंगाचा सर्वांत मोठा भार वाहतो तो सर्वांत कमी पैसे देणारा उतारू. पैसेवाल्याचे रक्षण यंत्राने आणि गरिबाचे रक्षण पाटीने, ही वाटणी कोणत्याही सुधारलेल्या समाजास शोभणारी नाही.

मग करावे काय? दंड वाढवावा, अशी सूचना तत्काळ पुढे येते. आमच्या मते दंडाच्या रकमेपेक्षा दंडाची निश्चिती महत्त्वाची आहे. पाच हजारांचा न होणारा दंड दोनशे रुपयांच्या हमखास होणाऱ्या दंडापुढे फिका पडतो. रात्रीच्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीत डब्याच्या टोकापर्यंत तपासणी झाली, जागच्या जागी पावती फाडली गेली आणि किती पावत्या फाडल्या, याचा आकडा विभागवार दरमहा प्रसिद्ध झाला, तर सहा महिन्यांत फरक दिसेल. दुसरे म्हणजे, नियम सांगणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी त्याच्या वरिष्ठांनी उभे राहिले पाहिजे. एखादा वाहक वा तिकीट तपासनीस कोणा वजनदार उतारूस अडवितो आणि पुढे त्यालाच जाब द्यावा लागतो, असे होत असेल तर तो पुन्हा कशाला तोंड उघडील? तिसरे म्हणजे, नियम खुद्द कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. चालकाच्या हातातील विडी प्रवाशांच्या डोक्यावरील पाटी एका क्षणात पुसून टाकते.

परंतु सर्वांत मोठी जबाबदारी आम्ही टाकतो ती सहप्रवाशांवर. १९८९च्या कायद्याचे ते कलम नीट वाचावे. डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली असता कोणीही धूम्रपान करू नये, असे त्याचे पहिलेच वाक्य सांगते; संपूर्ण गाडीत मनाई करण्याचा रेल्वेचा अधिकार त्यानंतर येतो. म्हणजे कायद्याने पहिला शब्द अधिकाऱ्याच्या नव्हे, तर सामान्य उतारूच्या तोंडी घातला आहे. तो शब्द आपण गिळून बसलो आहोत. ‘कशाला उगाच भांडण?’ हे आपल्या मध्यमवर्गाचे आवडते ब्रीद होऊन बसले आहे. भांडण करा, असे आम्ही सांगत नाही. एकट्याने वाद घालण्यात धोका असतो, विशेषतः स्त्रियांना, हेही आम्ही जाणतो. परंतु चार जणांनी मिळून, शांतपणे आणि नम्रतेने ‘साहेब, येथे नको’ एवढे म्हणावे. न ऐकल्यास रेल्वेच्या १३९ क्रमांकावर कळवावे. बहुसंख्य धूम्रपानी मंडळी दुष्ट नसतात, सवयीची गुलाम असतात. कोणी टोकले तर शरमिंदी होतात. त्यांना शरमण्याची संधी देणे, हेही एक प्रकारचे सौजन्यच होय.

धूम्रपान करणाऱ्या सद्गृहस्थांनाही दोन शब्द. तुमचे व्यसन सुटणे कठीण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. ते सोडवा, असा उपदेशही आज करीत नाही. तो तुमचे डॉक्टर आणि तुमची मुलेबाळे करीतच असतील. विमानात जो संयम तुम्ही दाखविता तोच गाडीत दाखवा, एवढीच आमची मागणी आहे. ती अशक्य नाही, हे तुम्ही स्वतःच वेळोवेळी सिद्ध केले आहे.

ज्या राजमातेचे नाव २०२४ पासून या जिल्ह्याने धारण केले आहे, तिने देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. कोणासाठी? ज्यांची नावे तिला ठाऊक नव्हती, अशा वाटसरूंसाठी. अनोळखी प्रवाशाच्या सुखाची काळजी वाहणे ही या मातीची शिकवण आहे. आपल्याला विहीर खोदावयाची नाही, धर्मशाळाही बांधावयाची नाही. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या श्वासासाठी खिशातील काडेपेटी चार तास खिशातच ठेवावयाची आहे. एवढेही आपल्या हातून होणार नसेल, तर जिल्ह्याची पाटी बदलली काय आणि बसमधली पाटी राहिली काय, दोन्ही सारखीच!