कोणतं लक्ष्मी नगर?

आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास यमुनेपलीकडे पोचतो. आम्ही राहतो लक्ष्मीबाई नगरात, आयएनए मार्केटच्या शेजारी, सरकारी क्वार्टरमध्ये. आणि पाहुण्याचा फोन येतो लक्ष्मी नगर मेट्रो स्टेशनवरून. नावातली 'बाई' गळली की माणूस थेट पूर्व दिल्लीत, सीएच्या क्लासांच्या गर्दीत. (इंदूरलाही एक लक्ष्मीबाई नगर स्टेशन आहे. तिथे अजून आमचं कोणी उतरलेलं नाही, एवढंच.) दिल्लीच्या रेल्वे स्टेशनबाहेरचा मुरलेला ऑटोवाला मात्र मीटरला हात लावण्याआधी विचारून घेतो, "जमनापारवाला, या आयएनएवाला?" दिवसातून किती वेळा विचारत असेल, कोण जाणे. "हा प्रश्न कालच एकाने विचारला होता, आधी नकाशा बघून या," असं काही तो म्हणत नाही.

इंटरनेटवर मात्र असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. गेल्या उन्हाळ्यात लातूरहून भाचा आला होता. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. गणेश मंडळाच्या वर्गणीदारांची यादी करायला त्याने पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहिला. प्रोग्राम चालला, सीएसव्ही फाईल झाली, एक्सेलमध्ये उघडली. तर 'ज्ञानेश्वर'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या रोमन ए-ची माळ, मध्येमध्ये पैशांची परदेशी चिन्हं. पोराने प्रोग्रामरांच्या एका ऑनलाइन गटावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, मराठी नावं दिसत नाहीत, अर्जंट आहे. पाच मिनिटांत उत्तरं हजर. एकाने लिहिलं, सर्च कर. दुसऱ्याने हसणारं तोंड टाकलं. तिसऱ्याने एक लिंक डकवली आणि 'हे आधीच झालेलं आहे' म्हणून चर्चेला कुलूप लावलं. लिंक उघडली, तर कोणा फ्रेंच माणसाच्या 'कॅफे'तलं शेवटचं अक्षर बिघडलेलं.

लिंक बरोबर होती, हीच यातली गंमत. यूटीएफ-८ या युनिकोड एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'ज्ञानेश्वर'ची चिन्हं, काना-मात्रा-हलन्त धरून, दहा. म्हणजे तीस बाइट. फाईलच्या तोंडाशी ओळखीची खूण नसली की एक्सेल पुष्कळदा ते जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचतं आणि एकेका बाइटचं एकेक अक्षर करून टाकतं. फ्रेंच अक्षराचे बाइट दोनच, पण मोडतं ते असंच. इलाजही एकच: फाईल लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्यायचं, म्हणजे ती खूण सुरुवातीला बसते. ज्याला हे ठाऊक आहे त्याला दोन्ही प्रश्न जुळे दिसतात. माझ्या भाच्याला फ्रेंच कॉफीचा आणि ज्ञानेश्वराचा संबंध कुठून दिसावा? दोन प्रश्न एकच आहेत हे कळायला उत्तर माहीत असावं लागतं. 'आधी शोध, मग विचार' या नियमाचं पाणी इथेच मुरतं. पोराने शोधलं होतं. 'मराठी', 'एक्सेल', 'नावं दिसत नाहीत' या शब्दांनी शोधलं होतं, कारण 'एन्कोडिंग' हा शब्द त्याच्याकडे नव्हता. तो शब्द मिळणं, हेच निम्मं उत्तर होतं.

'सर्च कर'वाल्यांचा धर्मग्रंथ म्हणजे एरिक रेमंड यांचा प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत हे सांगणारा २००१ सालचा लेख. चांगला लेख आहे. मी दोनदा वाचलाय. नवख्याच्या तोंडावर तो फेकणाऱ्यांनी मात्र तो शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. शेवटाकडे उत्तर देणाऱ्यांसाठीही एक भाग आहे. सौम्य राहा, अडचणीत सापडलेला माणूस असतो त्याहून मूर्ख किंवा उद्धट वाटू शकतो, पहिल्यांदा चुकलेल्याला चारचौघांत न बोलता खासगीत सांगा, अशा अर्थाचा मजकूर तिथे आहे. मॅन्युअल वाच म्हणून ओरडणाऱ्यांनी आपलं मॅन्युअल अर्ध्यावर सोडावं, याला काय म्हणायचं?

दुसरा पक्ष 'आम्हीही शिव्या खाऊनच शिकलो' हा. त्याच्यावर फार शाई घालवत नाही. शिव्या खाऊन जे गेले ते आज बोलायला इथे नाहीत, म्हणून हा दाखला एकतर्फी. लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवाल्ड्स यांचं नाव इथे हटकून निघतं. त्यांचा राग पुष्कळदा निघाला तो अनुभवी, 'याला कळायला हवं होतं' अशा मंडळींवर. आणि २०१८च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वतःच माफी मागून काही काळ सुट्टी घेतली. लिनक्सचा दर्जा त्याने खालावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार, आणि तो आपल्यालाच झोंबणारा आहे. उत्तरं देणारी, प्रकल्प सांभाळणारी ही माणसं फुकट, रात्री जागून, स्वतःचा वेळ घालून काम करतात. किती जणांना पुरे पडायचं? २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर नवख्यांच्या 'पुल रिक्वेस्ट'ची, म्हणजे बदल सुचवणाऱ्या विनंत्यांची, रांग लागली. बहुतेक भारतीय विद्यार्थी. बदल काय, तर रीडमी फाईलमध्ये स्वतःचं नाव. शिकवणीच्या एका भारतीय व्हिडिओत उदाहरणादाखल तो प्रकल्प घेतला होता, आणि मुलांनी डोळे मिटून तेच केलं. चालत्या कारखान्यात शाळेची सहल घुसावी, तसं. त्या प्रकल्पाच्या लोकांची चिडचिड मला पूर्ण समजते.

पण याच कृतीसाठी, स्वतःचं नाव जोडून पहिली पुल रिक्वेस्ट पाठवण्यासाठी, 'फर्स्ट कॉन्ट्रिब्युशन्स' नावाचा एक प्रकल्प मुद्दाम उभा केलेला आहे, आणि तिथे ही नावं आनंदाने घेतली जातात. मुलं तीच, कृती तीच, दार चुकलं. पत्ता सांगणाऱ्याने चुकीचा सांगितला, तर उतारूवर का तापायचं? नवख्यांशी संयमाने वागणं म्हणजे आलेलं सगळं पदरात घेणं, असं मी म्हणतच नाही. रिक्वेस्ट नाकारावी, बेलाशक नाकारावी, आणि सोबत योग्य दाराची एक ओळ द्यावी. ती ओळ एकदाच लिहून ठेवली की पुढे नुसती डकवायची. टोमणा मारायला यापेक्षा कमी वेळ लागत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लोचंच बघा. २००८ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळाने प्रोग्रामरांच्या एका पिढीला पोसलं, यात वाद नाही. २०१८च्या एप्रिलमध्ये त्यांनीच जाहीर लिहिलं की आपण नव्यांचं धड स्वागत करत नाही; पुढे नवख्याच्या नावाशी तशी खूणही लावली. पण तिथे वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या प्रश्नाखाली वा उत्तराखाली टिप्पणी करायला ५० गुण लागत. म्हणजे 'हेच बघ' म्हणून नव्याला ज्या उत्तराकडे पाठवायचं, त्याच उत्तराखाली 'यातलं दुसरं वाक्य कळलं नाही' असं विचारायची त्याला मुभा नव्हती. पाटी दाखवायची आणि वाचता येत नसेल तर गप्प बसायला सांगायचं. कचरा रोखायला हा नियम लागतो, हे मान्य. पण मग हाकलल्यावर नवा माणूस गप्प का, याचं नवल करू नये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तिथले प्रश्न झपाट्याने आटले. यावर काही जण म्हणतात, बरं झालं, आता पोरांनी यंत्राला विचारावं. विचारू देत. पण यंत्र जे सांगतं त्यातलं पुष्कळसं माणसांनी उघड्यावर दिलेल्या उत्तरांतूनच शिकलेलं आहे. आणि बंद खोलीत मिळालेलं उत्तर पुढच्या पोराच्या हाती लागत नाही.

मग करावं काय? एक नमुना आपल्या मुंबईतच आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे धडे असतात. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजी, कानावर मराठी. प्रश्न विचारायचा तर कोणता धडा, कितवं मिनिट, कितवा सेकंद, एवढं निवडायचं. कुठे अडलं हे नेमक्या शब्दांत सांगता येत नसेल तरी सेकंद सांगता येतो. नव्याच्या अंगी जे नाही ते त्याच्याकडून मागायचं नाही, जे आहे ते मागायचं, हे तिथे कोणीतरी नीट विचार करून ठरवलेलं आहे. महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी संस्कृताऐवजी मराठीचा आग्रह धरला तो आपल्या म्हाताऱ्या शिष्यिणी वंचित राहू नयेत म्हणून. हा प्रकार त्याच जातीचा.

भाच्याचं कोडं शेवटी सुटलं ते एका अनोळखी माणसाच्या तीन शब्दांनी. कुलूप लागल्यावर त्याने खासगीत विचारलं होतं, "फाईल कशात उघडतोस?" भाचा म्हणाला, एक्सेलमध्ये. पुढचं सगळं एका ओळीत आटोपलं.

पंधरा दिवसांनी भाच्याला लातूरच्या मित्राचा फोन आला. त्याच्याही यादीत नावांऐवजी रोमन कचरा. भाचा माझ्यासमोर सोफ्यावर लोळत होता. "अरे, सोपंय ते, सर्च कर ना," म्हणाला, आणि एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी मित्राचा पुन्हा फोन: ओळ घातली, कचरा तसाच. दोघं तासभर भांडले. शेवटी मित्राने मूळ यादीचा फोटो पाठवला, तेव्हा कळलं, मंडळाच्या जुन्या चिटणिसांनी ती डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप करून घेतली होती. युनिकोडचा तिथे पत्ताच नव्हता.