सतारमेकरानं गिटार का करू नये?

‘चाचा, हातात एवढी कला आहे तुमच्या, ती असल्या कामात वाया घालवू नका.’

बोलणारे गृहस्थ सज्जन होते. तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायला आले होते, रिक्षानं, तानपुरा तान्ह्या बाळासारखा मांडीवर आडवा धरून. चाचा रंधा मारत होते आणि रंध्याखाली होतं एका बास गिटारचं अंग. पेठेतल्या त्या आठ बाय दहाच्या गाळ्यात मी कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो, कारण ती गिटार माझ्या भाचीची. चाचा हसले, ‘बरं साहेब’ म्हणाले आणि हात पुसून तानपुरा घेतला. मी तेव्हा काही बोललो नाही. म्हणून आता लिहितो आहे.

आधी गिटारची हकिगत. भाची एकोणीस वर्षांची, कोंढव्यात राहते, कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवते. हात लहान. नेहमीच्या बास गिटारची तार वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत ३४ इंच असते. १९५१ साली लिओ फेंडरनं त्याच्या पहिल्या बासला हे माप दिलं आणि पुढे तेच जगाचं माप झालं. या मापात पहिल्या पडद्यावर तर्जनी आणि चौथ्यावर करंगळी ठेवायची तर पंजा सुमारे १३ सेंटिमीटर फाकवावा लागतो. ‘मामू, उंगल्या पोचतेच नै,’ ती म्हणायची, आणि रात्री मनगटाला बाम चोळत बसायची. तारेची लांबी ३० इंचांवर आणली की तेच अंतर साडेअकरा सेंटिमीटर होतं. दीड सेंटिमीटरचा फरक. दुखऱ्या मनगटाला विचारा तो केवढा असतो. शिवाय त्याच सुराला, त्याच जाडीच्या तारेवर ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो.

आम्ही एका मोठ्या दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, ‘शॉर्ट स्केल? ती लेडीज साइज आहे, सिरियस प्लेअर घेत नाहीत.’ बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं ज्या व्हायोलिनच्या आकाराच्या बासवर नाव काढलं तिची तार ३० इंचांचीच आहे. हे त्याला सांगितलं तर त्यानं माझ्या दाढीकडे पाहिलं. (दाढीवाल्या माणसाला बीटल्स माहीत असणं पुण्यात अजून बातमी आहे.)

आपल्याकडे तानपुऱ्यातही लेडीज आणि जेन्ट्स असा भेद असतोच. पण तिथे त्याला कारण आहे. बाईचा षड्ज वरचा, म्हणून तार आखूड. बासमध्ये तार आखूड केली तरी सूर तोच राहतो, चार तारांमधली सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवरच वाजते. बदलतो तो फक्त हाताला होणारा त्रास. त्याला ‘लेडीज’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

मग चाचांकडे गेलो. चाचा मूळचे मिरजेचे, सतारी आणि तानपुरे करणाऱ्या घरातले. चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात आले. आता नवीन काम कमी, दुरुस्ती जास्त. गिटारी दुरुस्तीला येतातच, पण अख्खी गिटार कधी केली नव्हती. त्यांनी भाचीचा पंजा टेबलावर ठेवायला लावला, पेन्सिलीनं आखला, आणि म्हणाले, ‘चार महिने लागतील. घाई असेल तर बाजारातली घ्या.’

त्या चार महिन्यांत मी बहुतेक शुक्रवारी नमाजनंतर तिकडे गेलो. जे पाहिलं त्यातलं थोडं सांगतो.

अंग तुनीच्या लाकडाचं. सतारीच्या दांडीसाठी चाचांनी वर्षानुवर्षं सुकवत ठेवलेल्या फळ्या होत्या, त्याच जोडल्या. तुनीचं झाड महोगनीच्याच कुळातलं, आणि महोगनीच्या गिटारी जगभर होतात, तेव्हा यात वावगं काहीच नव्हतं. मान मात्र तुनीची चालली नसती, चार जाड तारांचा ताण तिला वाकवून टाकेल. म्हणून साग आणि शिसव यांच्या पट्ट्या उभ्या चिकटवून मान केली, आत लोखंडी सळई घातली. ही सळई बाहेरून किल्लीनं पिळता येते, त्यानं मानेचा बाक कमीजास्त होतो. बोटांखालची पट्टी शिसवीची. पश्चिम घाटातली शिसव परदेशी गिटारींच्या पट्ट्यांसाठी कधीची जाते आहे. आपण ती गिटार ‘इम्पोर्टेड’ म्हणून परत विकत घेतो.

खरी परीक्षा पडद्यांची होती. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, राग बदलला की सरकवता येतात. चाचांचा सगळा जन्म कानानं पडदे सरकवण्यात गेला. गिटारचा पडदा म्हणजे लाकडात करवतीनं पाडलेली चीर. एकदा पाडली की पाडली. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ नं भागायचं आणि येईल तेवढं पुढे जायचं, हा हिशेब. चाचा कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि पहिल्याच पट्टीत चुकले. प्रत्येक पडदा मागच्या पडद्यापासून मोजला, त्यामुळे केसाएवढी चूक बेरजेनं वाढत गेली आणि बाराव्या पडद्याशी तार बेसूर. शिसवीची पट्टी बाद. दुसऱ्या वेळी सगळी मापं वरच्या पट्टीपासूनच घेतली. बाद पट्टीचे पैसे त्यांनी लावले नाहीत, मी विचारलं तर चिडले.

आणि मग जवारी. तानपुऱ्याच्या घोडीवर तार सपाट पृष्ठभागाला हलकेच घासत राहते, त्यातून तो भरलेला, घुमणारा आवाज येतो. ती घोडी किती घासायची, कुठे थांबायचं, हे पुस्तकात नसतं. बासमध्ये तार पडद्याला अशी घासली तर तो दोष. म्हणजे चाचा चाळीस वर्षं जी भुणभुण जाणूनबुजून जन्माला घालत आले, तीच इथे हुडकून मारायची होती. त्यांनी पडद्यांवरून पट्टी फिरवली, कान लावला, एका पडद्याला कानस दोनदा लावली आणि म्हणाले, ‘गेली.’ ज्याला भुणभुण आणता येते त्यालाच ती घालवताही येते. मला वाटतं गिटारवाल्या पोरांना हे यंत्र लावूनही इतक्या लवकर जमलं नसतं. माझं गिटारचं ज्ञान तोकडं आहे हेही मान्य.

विजेचं काम चाचांनी शेजारच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडून करून घेतलं. चुंबकांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते, वर लोखंडी तार हलली की आतल्या तारेत वीज उठते, बस एवढंच. सुरुवातीला घुर्र घुर्र येत होतं, मग खाचेत आतून तांब्याचा पत्रा चिकटवल्यावर थांबलं.

आता त्या सज्जन गृहस्थांकडे येतो.

त्यांचं म्हणणं असं की सतार-तानपुरा ही कला आणि गिटार हे ‘असलं काम’. मिरजेचा इतिहास तरी बघा. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या भावानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेत तानपुरे करायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे, शस्त्रांना पॉलिश करणारे. पेशवाई गेली, संस्थानांच्या फौजा आटल्या, तलवारी खुंटीला लागल्या. धार लावायला काही उरलं नाही. मिरजेचे पटवर्धन गाण्याचे शौकीन, उत्तरेतले गवई दरबारात यायचे, त्यांची वाद्यं मोडायची. दुरुस्ती करता करता हे लोक वाद्यं करायला लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा, बाहेरून आलेलं लाकूड आणि शस्त्रावर फिरलेला हात. त्या वेळी एखाद्या सज्जनानं ‘हातात तलवारीची कला आहे, असल्या कामात वाया घालवू नका’ असं सांगितलं असतं आणि त्यांनी ते ऐकलं असतं, तर सवाई गंधर्वच्या मंचावर गवयाच्या मागे काय उभं राहिलं असतं?

हे फक्त आपल्याकडचंच नाही. जर्मनीत मार्कनोयकिर्शेन नावाच्या गावात व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघानं सुतारांवर तक्रार केली होती: कपाटं करणाऱ्यांनी गिटारी करू नयेत, तो आमचा हक्क. त्या सुतारांच्या बाजूचा सी. एफ. मार्टिन १८३३ मध्ये अमेरिकेला निघून गेला. आज मार्टिन गिटार म्हटली की वादकांचे डोळे चमकतात. आणि ज्या लिओ फेंडरनं ते ३४ इंची माप दिलं तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला गिटार वाजवता येत नव्हती.

परकं वाद्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पेटीचं काय करायचं तेही सांगावं. हार्मोनियम युरोपातून आली. आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं तिला बंदी घातली होती. आज तिच्याशिवाय भजन होत नाही की कव्वाली होत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. दुसरीकडचा माल मिरजेच्या नावानं खपवला जातो, त्याला आळा बसेल. नोंदणी केलेल्या कारागिराला ते नाव वापरता येतं, हाही फायदा. पण मानांकन मिळाल्यावर भाषणं काय झाली? ‘वारसा जपला पाहिजे.’ जपायचं म्हणजे कारागिरानं जिथे बसलाय तिथेच बसायचं, आजोबांनी केलं तेच करायचं, आणि आपण वर्षातून एकदा फोटो काढायला जायचं. वारसा जपणाऱ्यांपैकी किती जण नवा तानपुरा घेतात? बहुतेकांच्या फोनवर तानपुऱ्याचं ॲप आहे. ॲप वापरा, माझी तक्रार नाही, मलाही ते सोयीचं वाटतं. पण मग ज्याचं गिऱ्हाईक ॲपनं नेलं त्याला गिटार करू नको म्हणून सांगायचा अधिकार तुम्हाला उरत नाही.

आणि थोडं आपल्या लोकांबद्दलही. ‘मुसलमानांनी या देशाच्या संगीताला काय दिलं’ या विषयावर मी स्वतः भाषणं ठोकली आहेत. त्यात अब्दुल करीम खाँसाहेब येतात, कैरान्याहून मिरजेला आलेले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावलेले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, ही साखळी मी पाठ म्हणतो आणि टाळ्या घेतो. त्या यादीत मी शिकलगार कधी घेतला नाही. खाँसाहेब चालतात, कारागीर नाही. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे, जवारी काढायचे, त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. आम्हाला वाटतो. शिकलगार, पिंजारी, अत्तार, बागवान ही आडनावं आम्हाला राखीव जागांच्या अर्जावर आठवतात, व्यासपीठावर नाही. इस्लाममध्ये जात नाही हे वाक्य आम्ही फार मोठ्या आवाजात म्हणतो.

मोहल्ल्यातल्या एकांनी भाचीच्या अम्मीला गाणंबजावणं हराम असल्याचं ऐकवलं. त्यावर हजार वर्षं वाद चालू आहे, गझालींनी त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. तो वाद मी इथे काढत नाही. एवढंच की हेच गृहस्थ लग्नात डीजेच्या भिंतीपुढे सगळ्यात आधी जेवायला बसतात.

शेवटचा प्रसंग हिशेबाचा, आणि तो आमच्याच घरातला. सामान एकोणीस हजार, मेहनत बावीस हजार. माझे मेहुणे चांगल्या कंपनीत आहेत. त्यांनी बिल पाहिलं आणि म्हणाले, ‘सामानाचं ठीक आहे, पण मजुरीत काही कमी करा ना चाचा.’ याच मेहुण्यांनी आदल्या महिन्यात सत्तर हजारांचा फोन छापील किमतीला घेतला होता. कंपनीला त्यांनी ‘मजुरीत काही कमी करा’ असं म्हटलं नव्हतं. बावीस हजार भागिले चार महिने करून बघा. चाचांचा मुलगा चाकणला कंपनीत लागलाय तो का, हे त्या भागाकारात आहे. त्या मुलाला गाळ्यात येऊन बसायला कोणत्या तोंडानं सांगायचं?

चाचांनी दोन हजार कमी केलेही. भाचीनं ते खाली जाऊन परत दिले, स्वतःच्या ट्यूशनच्या पैशातून, आणि वर अट घातली की गिटारवर नाव घाला. चाचा म्हणाले, ‘कंपनीचं?’ ती म्हणाली, ‘तुमचं.’ ते बराच वेळ नाही नाही म्हणत होते. मग मानेच्या टोकावर, खुंट्यांच्या मधोमध, हस्तिदंती रंगाच्या प्लास्टिकच्या तुकड्यातून अक्षरं कापून बसवली. सतारीवर वेलबुट्टी बसवतात तशीच. नाव मराठीत आहे. आडनावातला ‘क’ जरा तिरका बसलाय, आणि तो काढून पुन्हा सरळ बसवायला ती तयार नाही.