हे श्रीखंड नव्हे म्हणे!

तर झालं असं, की पाडवा आठवड्याच्या मधेच आला म्हणून इकडच्या रिवाजाप्रमाणे आम्ही तो शनिवारी केला. स्टुटगार्टमधली सात-आठ मराठी घरं, एका मैत्रिणीच्या घराखालचा हॉल. प्रत्येकीने एकेक पदार्थ करून आणायचा. 'प्रत्येकीने' बरं का. पुरुषमंडळींकडे कोल्ड्रिंक आणि कागदी ताटल्या होत्या. असो, तो वेगळ्या भांडणाचा विषय आहे.

पाचच महिन्यांपूर्वी नाशिकहून आलेली एक मुलगी श्रीखंड घेऊन आली होती. वरून चारोळी, केशराच्या काड्या, सगळं अगदी मन लावून केलेलं. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या एका काकांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि विचारलं, "चक्का कुठे मिळाला गं?" ती म्हणाली, "क्वार्कचं केलंय काका." त्यावर काका, "हां! तरीच. छान आहे, पण हे श्रीखंड नव्हे."

सगळे हसले. मीही हसले.

पुढच्या महिन्यात एका वाढदिवसाला पुन्हा भेटलो. ती मुलगी भारतीय दुकानातले फ्रोझन समोसे तळून घेऊन आली होती. मी म्हटलं, "काही गोड नाही केलंस या वेळी?" तर म्हणाली, "म्हटलं, उगाच कशाला."

हे 'उगाच कशाला' तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. कारण परदेशात आलेल्या बाईचा स्वयंपाक असाच बंद पडतो. आळसाने नाही, वेळ नसतो म्हणूनही नाही. कुणीतरी हसत हसत "हे ते नव्हे" म्हणतं म्हणून. आणि गंमत बघा, त्या समोशांना कुणीही "हे समोसे नव्हेत" म्हणालं नाही. पाकिटावर 'मेड इन इंडिया' होतं ना!

आता मला सांगा, चक्का म्हणजे काय? विरजलेल्या दुधातलं पाणी निथळून उरलेला घट्ट, आंबट गोळा. आणि क्वार्क म्हणजे? विरजलेल्या दुधातलं पाणी निथळून उरलेला घट्ट, आंबट गोळा! जर्मन लोक तो बटाट्याशी खातात, केकमध्ये घालतात, पावाला लावतात. त्यांना त्यात साखर-वेलची घालून पुरीबरोबर खायचं सुचलं नाही, एवढाच काय तो फरक. बरं, तोही डोळे झाकून उचलून चालत नाही. 'मागर' लिहिलेला क्वार्क जवळजवळ बिनसायीचा. त्याचं श्रीखंड कोरडं लागतं. चाळीस टक्केवाला घ्यावा लागतो. आणि ते चाळीस टक्केही पाणी वगळून उरतं त्याच्या हिशेबाने असतात, अख्ख्या डब्यात स्निग्धांश अकरा टक्क्यांच्या आसपासच. हे सगळं त्या मुलीने पाच महिन्यांत, तेही जर्मन येत नसताना, शोधून काढलं होतं. आणि आपण काय म्हणालो? तरीच!

एक कबुलीही देऊन टाकते. आई (म्हणजे माझ्या सासूबाई), तुम्ही हे वाचताय हे मला ठाऊक आहे, तेव्हा आधीच माफी मागते. तुम्ही पहिल्या वर्षी दिलेलं तूप दिवाळीपर्यंत संपलं. युरोपियन संघाबाहेरून येताना सामानातून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तूपही त्यातच आलं, हे आम्हाला नंतर कळलं. त्यामुळे दुसऱ्या वर्षीपासून आमच्या वरणभातावर पडतंय ते इथल्या लोण्याचं तूप. इथे 'झाउअररामबुटर' मिळतं, म्हणजे विरजलेल्या सायीचं लोणी. आपण साय विरजून काढतो तसंच. पाव किलोच्या पाकिटातून २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं आणि बेरी मुलगा साखर घालून खातो. पण पाहुण्यांना मी वर्षभर सांगत होते की हे सासूबाईंनी दिलेलं. आणि पाहुणे म्हणायचे, "वा! गावच्या तुपाचा वासच वेगळा." दोन वेळा तरी ऐकलंय मी हे. म्हणजे चव जिभेला कळते की पत्त्याला?

मी खोटं का बोलले? त्या मुलीने समोसे का आणले, त्याच कारणाने. कुणी हसू नये म्हणून.

'अस्सल'चा आग्रह धरणाऱ्यांना इथल्या स्वयंपाकाची सुरुवात कशी होते हे बहुधा माहीत नसतं. जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की बऱ्याचदा स्वयंपाकघराच्या जागी नुसती खोली मिळते. भिंतीतून बाहेर आलेला पाण्याचा पाईप आणि शेगडीसाठी एक जाडजूड वायर. ओटा, सिंक, शेगडी सगळं आपलं आपण आणायचं. आमचे पहिले दोन महिने पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवलेल्या विजेच्या शेगडीवर गेले. भांडी बाथरूममध्ये धुतली. नंतर आली ती काचेची शेगडी, तिच्यावर जाळ नाही, म्हणजे फुलका फुगवायचा कशावर? आणि पीठ? पिठाच्या पुड्यांवर नुसते आकडे. ४०५, ५५०, १०५०. पहिल्या आठवड्यात ४०५च्या पोळ्या केल्या, त्या चामड्यासारख्या झाल्या. हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणारी राख, मिलिग्रॅममध्ये, हे मग वाचून कळलं. आकडा जितका मोठा तितका पिठात कोंड्याचा भाग जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदाच. तेव्हापासून १०५० मध्ये थोडं अख्ख्या गव्हाचं मिसळते, पाणी जरा सैल हाताने घालते आणि अर्धा तास झाकून ठेवते. पुण्यात वीस वर्षं पोळ्या लाटल्या, पण पीठ म्हणजे काय हे मला स्टुटगार्टमध्ये कळलं. गिरणीवाला होता तोवर कळायची गरजच नव्हती.

आता जरा आपल्या अस्सलपणाचंही बघू. उपासाच्या खिचडीइतकं सोवळं तर आपल्याकडे काही नाही ना? साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची, बटाटा. साबुदाणा आपल्याकडे बनतो तो कसाव्याच्या कंदापासून, आणि कसावा, शेंगदाणा, मिरची, बटाटा, चारही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्याआधी आपल्या पणज्यांच्या खापरपणज्यांनी यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. म्हणजे कधीतरी कुठल्यातरी घरात कुणीतरी पहिल्यांदा ही परकी वस्तू उपासाच्या कढईत घातली असणार. आणि ओसरीवरून कुणीतरी नक्की म्हणालं असणार, "हे उपासाचं नव्हे!" नशीब, त्या बाईने ऐकलं नाही.

"मग काय, काहीही खपवायचं?" असं माझा नवराच विचारतोय, मागे उभा राहून वाचतोय. नाही, काहीही नाही. मी एकदा ओट्सचे पोहे केले होते. लापशी झाली, आणि तिला पोहे म्हणायचा निर्लज्जपणा माझ्यात नाही. कढीपत्ता मिळाला नाही तर त्याच्या जागी तमालपत्र घालून काही होत नाही. कढीपत्त्याचं काम दुसरं कुणी करत नाही. तिथे मी गुपचूप कढीपत्त्याशिवाय फोडणी करते. बदल करायचा तर मूळची वस्तू त्या पदार्थात काय काम करते ते ठाऊक असावं लागतं. आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याला पदार्थ कळलेला आहे, निदान तयार डबा उघडणाऱ्यापेक्षा तरी जास्त.

"आता तिकडे सगळं मिळतं की," हे भारतातून फोनवर नेहमी ऐकू येतं. मिळतं. भारतीय दुकानात आट्याच्या दहा किलोच्या पिशव्या मिळतात, गोठवलेले पराठेही मिळतात. मीही आणते, त्यात पाप काही नाही. पण परक्या गावात घर झालं असं मला त्या पराठ्यांनी कधी वाटलं नाही. ते वाटलं कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानात कोथिंबिरीची मोठी जुडी दिसली तेव्हा, आणि १०५०ची पहिली पोळी तव्यावर फुगली तेव्हा. इथल्या वस्तूंनी आपला स्वयंपाक केला की मग हे गाव जरा आपलं वाटायला लागतं. जो "हे ते नव्हे" म्हणतो तो नेमकं हेच हिसकावून घेतो, आणि वर त्याला वाटतं की आपण संस्कृती राखतोय.

तेव्हा काका, तुमच्याबद्दल मनात राग नाही. पण पुढच्या वेळी चमचा तोंडात घातल्यावर नुसतं "अजून वाढ" म्हणा. आणि राग आलाच असेल तर तो मला माझा आलाय, हसल्याबद्दल.

काल त्या मुलीला फोन केला आणि सरळ श्रीखंडाची कृती मागितली. आधी तिला वाटलं मी थट्टाच करतेय. मग म्हणाली, "क्वार्क आणला की फडक्यात बांधून चार तास टांगायचा ताई, थोडं पाणी सुटतंच."

"कशाला टांगतेस?"

"बाथरूमच्या नळाला. स्वयंपाकघर अजून व्हायचंय आमचं."

आमची आईही नळालाच टांगायची. येत्या शनिवारी ती आमच्याकडे येतेय, श्रीखंड घेऊन. पुऱ्या मी करणार आहे, १०५०च्या.