मऊ भाताच्या आधी
वजन घटवण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन मावशी घरी आली. मऊ खायला सांगितलंय म्हणून आम्ही मायेने गुरगुट्या भात, तांदळाची पेज, वरणाचं पाणी पुढे करत राहिलो. मऊ सगळंच होतं, प्रथिनं मात्र नावापुरती. जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढलेला, चार चमच्यांत पोट भरतं; तरी दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं हवीतच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. मग वाटीत आधी अंड्याची मऊ भुर्जी (एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम), कुस्करलेलं पनीर, घट्ट दही; भात उरल्या जागेत. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोटघोट. आमच्या ‘अजून एक घास’ या आग्रहापायी एकदा तिला उलटी झाली, ते मला अजून खुपतं.