काफ्रियाल आणि कण्या

चिकन काफ्रियाल हा गोव्याच्या हॉटेलांत मिळणारा, आफ्रिकी आणि पोर्तुगीज स्वयंपाकाच्या संगमातून आलेला सर्वांत प्रसिद्ध पदार्थ. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण, जिरे, मिरे, लवंग आणि दालचिनी लिंबाच्या रसात किंवा माडीच्या विनेगरात बारीक वाटतात. कोंबडीच्या तंगड्यांना सुरीने हाडापर्यंत चिरा देऊन हे वाटण त्यांत दाबून भरतात आणि काही तास, जमल्यास रात्रभर, मुरू देतात. मग पसरट तव्यात बेताच्या तेलावर कोंबडी सावकाश परततात. वाटणातले पाणी आटत जाते, मसाला कातडीला धरून कडेने काळपट होतो आणि चिरांच्या आत मात्र हिरवाच राहतो. पानात तळलेल्या बटाट्याच्या फोडी, कांद्याच्या चकत्या, लिंबू आणि पाव येतो. रस्सा नसतो. तर्रीवर वाढलेल्या वैदर्भीय माणसाला पहिल्यांदा तेच खटकते, कारण कुस्करायला काही उरत नाही. काफ्रियाल हाताने धरून, हाडापाशी दाताने सोडवून खायची गोष्ट आहे. काट्या-चमच्याने तिची निम्मी चव जाते. बार्देशातल्या साळगावचे फ्लोरेंटाईन हे हॉटेल मुख्यतः या एका पदार्थासाठी ओळखले जाते.

या पदार्थाचे मूळ मोझांबिकमध्ये आहे. तिथे कोंबडी मधोमध चिरून सपाट उघडतात, तिला लसूण, मीठ, लिंबू, तेल आणि पिरी-पिरी नावाची बारीक, जहाल मिरची चोळतात आणि निखाऱ्यावर भाजतात. कोथिंबीर आणि गरम मसाला ही गोव्याची भर. निखारा जाऊन तवा आला तोही गोव्यातच. एकाच पदार्थाची ही दोन रूपे समुद्राच्या दोन काठांवर आजही नांदत आहेत.

वास्को द गामा १४९८ च्या सुरुवातीला मोझांबिकच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच वर्षी मे महिन्यात कालिकतला पोचला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. पुढे मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालत होता. या अडीचशे वर्षांत दोन किनाऱ्यांमध्ये कापड, हस्तिदंत, सैनिक आणि अधिकारी यांची ये-जा राहिली. त्याच जहाजांतून आफ्रिकी माणसे गुलाम म्हणूनही गोव्यात आणली गेली. काफ्रियाल गोव्यात रुजले ते या आफ्रिकी सैनिकांमुळे आणि गुलामांमुळे, असे मानले जाते. हॉटेलांच्या मेनूकार्डावर ‘पोर्तुगीज चव’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. ज्यांच्या हातची ही चव होती त्यांचा उल्लेख सहसा नसतो. तो असायला हवा.

विसाव्या शतकात प्रवास उलट दिशेनेही झाला. अनेक गोवेकर नोकरीसाठी बैरा आणि लोरेन्सो मार्किस, म्हणजे आजचे मापुतो, इथे स्थायिक झाले. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर त्यांतले बरेच जण गोव्याला परतले किंवा पोर्तुगालला गेले. मोझांबिकच्या रस्त्यांवर आजही समोसा ‘शमूसा’ म्हणून विकला जातो. पिरी-पिरी जगभर नेली ती मात्र नँडोज या साखळीने. १९८७ मध्ये जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागात फर्नांडो दुआर्ते आणि रॉबर्ट ब्रोझिन यांनी ती सुरू केली. हल्ली लहान शहरांतल्या कॅफेत फ्रेंच फ्राईजवर भुरभुरला जाणारा लालसर ‘पेरी-पेरी’ मसाला याच नावावर विकला जातो, पण त्यात निखाऱ्याचा वासही नसतो आणि ताज्या मिरचीची धारही नसते.

मोझांबिकचे रोजचे जेवण कोंबडीचे नाही. ते ‘शिमा’चे आहे. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात वैरून, लाकडी दांड्याने घोटून त्याचा घट्ट गोळा करतात. सोबत ‘मटापा’ असतो: कसाव्याची कोवळी पाने उखळात कुटून, लसूण, शेंगदाण्याचा कूट आणि नारळाच्या दुधात शिजवलेली पालेभाजी. यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकाने हे पान नीट पाहावे. ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी ही याच रीतीची जोडी आहे: भरड धान्याचा घट्ट शिजवलेला घास आणि त्याला लागून पालेभाजी.

हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. ज्वारी मुळात ईशान्य आफ्रिकेची, आजच्या सुदानच्या परिसरातली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. अंबाडी, चवळी आणि चिंच यांचेही मूळ आफ्रिकेतच. मका, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही अमेरिका खंडातली पिके. सोळाव्या शतकापासून पुढे ती आफ्रिका-आशियात पसरली, त्यात पोर्तुगीज जहाजांचा वाटा मोठा. आफ्रिकेच्या मोठ्या भागात मका येण्यापूर्वी शिमासारखा गोळा ज्वारीचा आणि इतर भरड धान्यांचाच असे. म्हणजे वणी-पुसदकडच्या घरात भाकरीवर ठेचा आणि बाजूला अंबाडी असे पान वाढले की आफ्रिकेचे धान्य, आफ्रिकेची भाजी आणि पोर्तुगीजांच्या वाटेने आलेली मिरची एकत्र आलेली असतात. पणजीच्या फोन्तेन्यासमधल्या महागड्या टेबलावरही याहून वेगळे काही घडत नाही. दुःख एवढेच की कापूस आणि सोयाबीन यांच्या रेट्यात जिल्ह्यातली ज्वारी आक्रसत गेली आणि कण्या आता अनेक घरांत ठरवून करायची गोष्ट झाली.

काफ्रियाल घरी करणे अवघड नाही. माडीचा विनेगर इकडे मिळत नसल्याने लिंबू भरपूर घ्यावे. मिरची तिखट आणि ताजी असावी. कोथिंबीर देठांसकट वाटावी, देठांतही भरपूर वास असतो. मिक्सरमध्ये पाणी जवळजवळ घालूच नये, नाहीतर वाटण चिरांतून ओघळून तव्यावर जळते. गावरान कोंबडी चिवट असते, तिला रात्रभर मुरू द्यावे आणि आधी झाकण ठेवून वाफेवर शिजवून मग झाकण काढून परतावे. पावाऐवजी ज्वारीची भाकरी उत्तम लागते. फक्त ती तव्यावरून थेट पानात यावी, कारण कोरड्या काफ्रियालबरोबर गार भाकरी घशाखाली उतरत नाही.