'गो-वेन्ट-गॉन'चा जप

पुण्यात कुठल्याही सिग्नलला थांबा आणि पुढच्या रिक्षाच्या पाठीवर नजर टाका. इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासची जाहिरात असतेच. 'फाडफाड इंग्रजी बोला'. (फाडफाडच का, हे मला आजवर कळलेलं नाही. बोलायचंय की कापड फाडायचंय?) आत गेलात की फी भरल्याबरोबर हातात एक झेरॉक्सचा गठ्ठा पडतो. हल्ली पीडीएफ पडते, एवढाच काय तो फरक. त्यात क्रियापदांचं कोष्टक. पहिलं रूप, दुसरं रूप, तिसरं रूप, मराठी अर्थ. आणि सुरुवात कुठून? तर अबँडन, अबेट, अबाइड, अ‍ॅबॉलिश...

आता मला सांगा मंडळी, दूधवाल्याशी, बॉसशी किंवा बंगळूरच्या घरमालकाशी बोलताना 'अबेट' हे क्रियापद शेवटचं कधी लागलं होतं? बरं, 'अबँडन-अबँडन्ड-अबँडन्ड' असं तीनदा लिहून नक्की काय शिकवलं जातं? शेवटी 'एड' लागतो, हे एका ओळीत सांगून संपलं असतं. पण मग गठ्ठा जाड होत नाही, आणि गठ्ठा जाड झाला नाही तर फी वसूल झाल्यासारखी वाटत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. रोजच्या इंग्रजीला वीसेक क्रियापदं पुरतात, आणि नेमकी तीच कोणी नीट शिकवत नाही. हे काही माझं संशोधन नाही. सी. के. ऑग्डेन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' काढलं. एकूण ८५० शब्द, आणि त्यात क्रियापदं फक्त १८! कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, सीम, टेक, बी, डू, हॅव, से, सी, सेंड, आणि जोडीला मे आणि विल. बास. पुढे १९५३ साली मायकल वेस्ट यांनी सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. या माणसाने बंगालमध्ये बरीच वर्षं शिकवण्यात काढली होती. त्यांच्या यादीची गंमत म्हणजे एकाच शब्दाचा कुठला अर्थ किती टक्के वेळा येतो, तेही त्यात दिलं आहे. म्हणजे मोजून-मापून केलेलं काम समोर आहे. आणि आपण अजून 'ए फॉर अबँडन' करतोय.

अर्थात ऑग्डेनसाहेबांच्या हिशोबात एक गोम आहे. त्यांनी 'टॉलरेट' काढून टाकला, पण मग त्या जागी 'पुट अप विथ' आलं. शब्द तीन, तिन्ही ओळखीचे, आणि एकत्र केले की अर्थाचा पत्ता नाही. म्हणजे छोटी क्रियापदं सोपी आहेत असं अजिबात नाही. उलट तीच अवघड आहेत, आणि माझा राग आहे तो इथेच. 'अबँडन' शिकवणं सोपं असतं. सोडून देणे, संपलं, पुढचा शब्द. 'गेट' शिकवायला घेतलं तर मास्तरांना आठवडाभर घाम गाळावा लागेल. कोष्टकात लिहिलेलं असतं 'गेट म्हणजे मिळणे'. मग 'गेट अप'मध्ये काय मिळालं? 'गॉट वेट'? 'आय गेट इट'? 'गेट द डोअर'? पावसात भिजलेल्या माणसाला काय मिळालं म्हणायचं, सर्दी?

खरं तर हे मराठी माणसाला समजावणं मुळीच कठीण नाही, कारण आपण जन्मापासून हेच करत आलोय. 'लागणे' घ्या. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, नाद लागतो, निकाल लागतो. एखाद्या अमेरिकन माणसाला 'लागणे'चा अर्थ एका शब्दात सांगून दाखवा बरं. आपल्याला कोणी 'लागणे, अर्थ पहिला, अर्थ दुसरा' असं पाठ करायला लावलं होतं का? आपण अख्खी जोडीच उचलली. 'भूक' आली की 'लागते' आपोआप येतं. उलट बाजूने बघा. आपण साडी नेसतो, शर्ट घालतो, चष्मा लावतो, बांगड्या भरतो. इंग्रजीत या सगळ्याला 'पुट ऑन' चालतं. म्हणजे तिथे फायदा आपला! पण हे सांगणार कोण? कोष्टकात 'पुट म्हणजे ठेवणे' एवढंच.

'हॅव'ची कथा तर त्याहून मजेशीर. मराठीत 'हॅव'ला क्रियापदच नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, मला ताप आहे, माझी मीटिंग आहे. चार तऱ्हा, आणि सगळीकडे 'आहे'. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणणाऱ्याला हसायची आपल्याकडे पद्धत आहे. पण त्या बिचाऱ्याच्या भाषेत हा खणच नाही, आणि तो नाही हे त्याला शाळेत कोणी सांगितलंही नाही. त्याला शिकवलं काय, तर 'हॅव-हॅड-हॅड'.

आता त्या जपाबद्दल. सगळ्यात जास्त वापरली जाणारी इंग्रजी क्रियापदं बघा: बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी, कम. एकजात सगळी अनियमित. हा योगायोग नव्हे. सतत तोंडात असलेली रूपं झिजून सरळ होत नाहीत, क्वचित वापरातली होतात. २००७ साली 'नेचर'मध्ये यावर एक झकास पेपर आला होता. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली, त्यातली आजच्या इंग्रजीत ९८च अनियमित उरली. जितका वापर कमी, तितकी 'एड' लागायची घाई जास्त. मराठीतही तेच दिसतं: जा-गेला, ये-आला, कर-केला, हो-झाला, दे-दिला. ही कोणी पाठ केली होती? 'जाणे-गेला-गेलेला' असा जप करत झुलणारं मूल बघितलंय कधी?

"अरे, पण ती मातृभाषा, ही परकी भाषा" हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. थोडं पाठांतर लागणारच. माझं भांडण पाठांतराशी नाहीच, कशाचं पाठांतर याच्याशी आहे. पंचवीस क्रियापदांची रूपं खुशाल घोका, एका रविवारचं काम आहे. गेलो, गेलास, गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या इतकं लीलया सांभाळणाऱ्या माणसाला एकट्या 'वेन्ट'ची भीती कशाला वाटावी? पण घोकाल ते वाक्यासकट घोका. 'टेक-टुक-टेकन' नको, 'इट टुक टू डेज' घोका.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय, असं वाटेल. सांगतो. आमच्या टीममध्ये लातूरकडचा एक मुलगा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, डोकं असं की डेटाबेस अडला की सगळे त्याच्या खुर्चीमागे उभे. स्टँडअपला मात्र "डन" आणि "वर्किंग ऑन इट". अप्रेझलमध्ये शेरा काय, तर कम्युनिकेशन सुधारा. त्या एका ओळीवर त्याचं ऑनसाइट गेलं. मग त्याने क्लास लावला, आणि हल्ली कंपनीच्या बसमध्ये तो 'अबँडन, अबेट' करत बसलेला असतो. त्याला काय हवं होतं, तर एवढंच: "द बग केम बॅक. आय टुक द चेंज आउट अँड इट वेन्ट अवे. आय पुट इट बॅक इन अँड इट केम अगेन." अख्ख्या आठवड्याचं काम झालं सांगून. क्रियापदं किती? कम, टेक, गो, पुट. चार!

आणि विनोद असा की हा मुलगा दिवसभर एपीआय लिहितो. 'गेट' आणि 'पुट' त्याच्या बोटांवर नाचतात. लिनक्सवर 'मेक', 'कट', 'किल', 'फाइंड', 'टच' चालू असतं. पण वाक्यात वापरायची वेळ आली की आपण सगळे 'करणे'च्या कुबडीवर. मर्ज केलं, फिक्स करतो, डिप्लॉय झालं, चेक करून सांगतो. इंग्रजी क्रियापदाचं आपण नाम करून टाकतो आणि पुढचं सगळं काम मराठीकडून करवून घेतो. त्यात वाईट काही नाही, उत्तम जुगाड आहे. पण दिवसाला शंभर इंग्रजी क्रियापदं तोंडात असूनही त्यातलं एकही आपण भूतकाळात चालवलेलं नसतं, हे लक्षात घ्या.

दुसरीकडे जीआरईवाले. बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी घासून अमेरिकेत उतरतात आणि "आय पासआउट इन २०१८" म्हणतात. तिथे 'पास आउट' म्हणजे चक्कर येऊन पडणे. समोरचा मनात म्हणत असेल, २०१८ पासून शुद्धीवर आला की नाही अजून? :) आणि मेलमध्ये यांना 'यूज' चालत नाही, 'युटिलाइज' लागतं. 'हेल्प' नको, 'फॅसिलिटेट'. जड शब्द टाकला की हुशारी दिसते, हा समज त्याच झेरॉक्सच्या गठ्ठ्यातून आलेला.

असो. त्या मुलाला मी एक वही करायला सांगितली आहे. एका पानावर एक क्रियापद, आणि खाली आदल्या दिवशी ऑफिसात कानावर पडलेली वाक्यं, जशीच्या तशी. अर्थाचा रकाना नाही. तीन आठवड्यांत 'गेट'चं पान भरून दुसऱ्यावर गेलंय. 'टेक' पण संपत आलंय. 'अबेट'चं पान त्याने हौसेने केलं होतं, ते अजून कोरं आहे.