लाड त्याचे, चव आपली

माया दाखवायची म्हणजे काहीतरी खाऊ घालायचं, ही आपली जुनी रीत. पाहुणा असो, नातवंडं असोत, नाहीतर दारातली मनी. पण मैत्रिणींनो, मुक्या प्राण्यांच्या बाबतीत ही रीत जरा तपासून पाहायला हवी, असं मला वाटतं. कारण आपण देतो ते बहुतेक वेळा आपल्या जिभेला आवडणारं असतं, त्यांच्या पोटाला मानवणारं नव्हे.

मांजराचंच घ्या ना. त्याला गोड चव कळतच नाही! शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये त्याचं कारणही शोधून काढलं. मग पेढ्याचा आग्रह कशाला? दुधाचंही तसंच. मोठेपणी पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

कुत्र्याला तर अधिकच जपावं लागतं. सांगली-तासगावचा बेदाणा आपल्या शिऱ्यात हवाच. पण बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल, हेही आधी सांगता येत नाही. चॉकलेट विषारीच. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतो. मांजराच्या तर जास्तच. म्हणजे उरलेला रस्सा-भात दोघांनाही नको. शिजवलेलं हाडही नको, त्याची टोकं घशात, आतड्यात रुततात.

मग लाड करायचेच नाहीत का? करायचे की! मीठ-मसाला न घालता उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे किंवा थोडं उकडलेलं अंडं दोघांनाही चालतं. कुत्र्याला गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद द्यावं. मात्र हा वरचा खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावा.

खरी अडचण प्राण्याची नसते, माणसांची असते. "एवढ्याशानं काय होतंय?" असं म्हणत घरातला प्रत्येकजण आपापला घास भरवतो. पाच-सहा किलोच्या जिवाला 'एवढंसं' म्हणजे किती, याचा विचार कुणी करत नाही. पुढे फरशी पुसायची, रात्र जागवायची, ती मात्र बाईनं. आणि लहान गावात रात्री-अपरात्री जनावरांचा डॉक्टर मिळणं किती कठीण, हे तुम्ही जाणताच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: जी निस्तरते, तिनं "नको" म्हणायला अजिबात संकोचू नये. सासूबाईंना गोडीत सांगावं, पाहुण्यांना हसून सांगावं, पण सांगावं. आमच्याकडे मनीचा आणि टॉमीचा खाऊ वेगळ्या डब्यांत असतो. ज्याला भरवायची हौस, त्यानं त्यातलंच द्यायचं.

एवढं करूनही बेदाणे किंवा चॉकलेट पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. काय खाल्लं, किती आणि केव्हा, एवढं लक्षात ठेवून लगेच डॉक्टरांना फोन करा.